ज्योत्स्नाताईंचं शनिवारचं कपाट

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मराठी मंडळात दोन प्रकारची माणसं असतात. एक गणपतीत येणारी आणि दुसरी गणपतीतही न येणारी. बाकी वर्षभर त्या इमारतीत कॅरमच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज येतो आणि वाचनालयाच्या खोलीत पंखा फिरतो. तो कुणासाठी फिरतो, हे विचारायची सोय नाही. शनिवारी दुपारी मात्र चित्र पालटतं. ज्योत्स्नाताई दाणी पर्समधून किल्ली काढतात, मुलांच्या पुस्तकांचं लोखंडी कपाट करकरत उघडतात, आणि खोलीत असा काही गलका होतो की कॅरमवाले उठून मधलं दार लावून घेतात.

ज्योत्स्नाताई जलसंसाधन खात्यातून निवृत्त झाल्या. वडील वनखात्यात होते, यजमान तहसील कचेरीत. सरकारी नोकरी हीच या घराण्याची शेतीवाडी. यजमान गेले, मुलगा पुण्याला स्थिरावला. नातवाशी फोनवर बोलताना त्या मराठीत विचारतात आणि तो इंग्रजीत उत्तर देतो, तेही खेळ मध्येच थांबवावा लागला म्हणून वैतागून. हे दुःख त्यांनी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. पण मंडळाकडून धूळ खात पडलेलं ते कपाट त्यांनी ज्या तावातावाने मागून घेतलं, त्यावरून जाणत्याला काय ते कळलं असतं. या गावात मराठी पुस्तक मनापासून वाचणारं एक तरी मूल आपल्या हातून घडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्या कुणालाही ऐकवत, अगदी भाजीवालीलासुद्धा.

पुस्तक देण्याची त्यांची रीत न्यारी. मूल कितवीत आहे हे त्या विचारत नाहीत. "घरात सगळ्यांत जास्त कोण रागावतं?" "पाण्याला भितोस का?" "एकटं असलं की काय करतेस?" असले प्रश्न विचारतात, मुलाकडे चष्म्यावरून पाहतात, आणि कपाटात हात घालून एक पुस्तक काढतात. नव्या भावाच्या जन्माने हिरमुसलेल्या मुलीला त्यांनी अंड्यांवर बसायचा कंटाळा आलेल्या पक्षिणीची गोष्ट दिली. घरातलं प्रत्येक यंत्र खोलून बसणाऱ्या रजतला घड्याळांवरचं एक जुनं पुस्तक दिलं. त्यातलं एक पान फाटलेलं होतं. त्या पानावर काय असेल ते शोधून काढ, म्हणाल्या. रजत महिनाभर त्या न-असलेल्या पानाच्या मागे लागला होता, आणि त्या नादात असलेली सगळी पानं वाचून बसला.

आईबापांशी मात्र त्यांचं जमत नाही. आईबाप येतात ते 'चांगले संस्कार होतील' असं पुस्तक मागत. एका बाईंनी मुलगा फार खोटं बोलतो, त्यावर काही द्या म्हटलं, तेव्हा ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "आधी घरात फोनवर 'साहेब बाहेर गेलेत' म्हणणं बंद करा. पुस्तकावर काहून ढकलता?" त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मुलगा मात्र येतो.

कपाटाच्या वर एक बिस्किटांचा रिकामा डबा असतो. मुलांनी आठवडाभरात सुचलेले प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचे. वाघ पोहतो तर मांजर पाण्याला काहून भिते? तांब्याच्या खाणीतून निघालेलं तांबं लालच का? शनिवारी एक चिठ्ठी उघडायची आणि सगळ्यांनी मिळून कपाटात तिचं उत्तर हुडकायचं. उत्तर बहुतेक वेळा सापडत नाही. पण ते हुडकताना चार भलत्याच गोष्टी सापडतात आणि त्यातच दुपार सरते. ज्योत्स्नाताईंना स्वतःलाही उत्तर ठाऊक नसतं आणि तसं सांगायला त्या जराही लाजत नाहीत.

इथवर सगळं छान. गोम होती ती भाषेत. ही मुलं शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, घरातही अर्ध्याहून अधिक हिंदी बोलणारी. तरी मराठी पुस्तक हातात दिलं की घडाघडा वाचून दाखवतात, कारण अक्षरं तीच. बाहेरून कुणी आलं तर त्याला वाटावं, काय ही मराठी मुलं! आत काय पोहोचतं आणि काय ओठांवरूनच उडून जातं, हे वरून दिसत नाही. इतकी वर्षं या गावात काढलेल्या ज्योत्स्नाताईंना हे दिसायला हवं होतं. पण माणसाला जे हवं असतं ते दिसलं की त्याची नजर तिथेच थांबते.

आणि त्यांना दिसली खुशी.

खुशीचे वडील गजेंद्र गोंदिया रोडवर मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करतात. आई लालबर्‍याकडची, हिंदी बोलणारी. आजी गोदाबाई खैरलांजीजवळच्या खेड्यात राहायच्या, गुडघे बोलायला लागले तशा मुलाकडे राहायला आल्या. पोरगी मराठी इसरून राह्यली, अशी कटकट त्यांनीच लावली, म्हणून गजेंद्रने एका शनिवारी मुलीला मंडळात आणून सोडलं. दहा-अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. ज्योत्स्नाताईंनी तिला एक पान वाचायला दिलं. खुशीने ते असं वाचलं की खोली गप्प झाली. कुठे अडखळणं नाही, स्वल्पविरामाला थांबणं, प्रश्नाला आवाज चढवणं, सगळं जिथल्या तिथे. इतर पोरांची जीभ जिथे हमखास घसरते, तो 'ळ'सुद्धा तिने आजीसारखा खणखणीत म्हटला.

ज्योत्स्नाताईंचे डोळे भरून आले. लपवायचं काही कारण नव्हतं, त्यांनी लपवलेही नाहीत.

त्या दिवसापासून खुशीला कपाट मोकळं झालं. पातळ पुस्तकं लवकर संपली. मग जाड पुस्तकं. मग त्याहून जाड. दर शनिवारी खुशी पुस्तक परत आणायची, ज्योत्स्नाताई विचारायच्या, "आवडलं?" खुशी मान हलवायची, आणि त्यांचा चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. ही गोष्ट सांगणाऱ्याला इथे ज्योत्स्नाताईंचा थोडा राग येतो. रजतला महिनाभर एका फाटक्या पानावर छळणारी बाई या मुलीला एकही वाकडा प्रश्न विचारायला विसरली.

शेवटी त्यांनी तिला स्वतःच्या अतिशय आवडीची कादंबरी दिली. धरणात गाव बुडतं, माणसं नव्या वस्तीत जातात, पण एका मुलीची म्हैस परत जुन्या गावाच्या वाटेला लागते आणि मुलगी तिला शोधायला रानात शिरते, अशी गोष्ट. जलसंसाधन खात्यात आयुष्य काढलेल्या बाईला ती का आवडावी, हे सांगायला नको.

याच सुमारास मंडळाचा वर्धापन दिन जवळ आला. सचिव माणिकराव उत्साही गृहस्थ, कार्यक्रमपत्रिका छापण्यात त्यांना विशेष रस. नागपूरहून पाहुणे यायचे होते. "ताई, तुमच्या त्या मुलीचं वाचन ठेवू," ते म्हणाले, "पाहुण्यांना दिसू द्या, बालाघाटात मराठी जिवंत आहे ते." ज्योत्स्नाताईंनी म्हशीच्या कादंबरीतलं एक प्रकरण निवडलं. पत्रिकेत खुशीचं नाव छापून आलं.

वर्धापन दिनाच्या आधीच्या आठवड्यातला शनिवार. ज्योत्स्नाताई कपाटामागे पडलेला नकाशा ओढून काढत होत्या. पुढे चटईवर खुशी तेच प्रकरण मोठ्याने वाचत होती आणि तिच्या मांडीला टेकून बसलेली छोटी मयुरी ऐकत होती. मध्येच मयुरी म्हणाली, "दीदी, भैंस वापस क्यों नहीं आ रही?"

खुशी थांबली. "मालूम नहीं."

"पर तुमने तो पढ़ा है."

"पढ़ती हूँ, समझता थोड़ी है," खुशी अगदी साधेपणाने म्हणाली. "घर का बोलना समझता है, किताब का नहीं."

"तो फिर ले क्यों जाती हो?"

"आंटी खूश होती हैं ना."

कपाटामागे ज्योत्स्नाताई नकाशा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांचा राग नाकावर, आणि त्या वेळी तो नेमका कुणावर आहे हे त्यांनाही कळत नव्हतं. त्या तरातरा बाहेर आल्या, खुशीच्या हातातलं पुस्तक घेतलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाल्या, "सांग. याचा अर्थ सांग."

खुशी ओळीकडे बघत राहिली.

"बरं, ही सांग. ही तरी?"

कपाटाशी परीक्षा घ्यायची नाही, हा ज्योत्स्नाताईंचाच नियम होता. प्रियंका नावाची एक धीट मुलगी "आंटी, जाने दो ना" असं म्हणालीसुद्धा. खुशीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज आला नाही. ती उठली, चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी सापडेना, मयुरीने ती शोधून दिली. खुशी निघून गेली. पुस्तक ज्योत्स्नाताईंच्या हातातच राहिलं.

घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. मुलीने फसवलं, असं त्यांनी आधी मनाशी म्हणून पाहिलं. ते टिकलं नाही. मुलीने काय फसवलं? तिला वाच म्हटलं, तिने वाचलं. आवडलं का विचारलं, तिने मान हलवली. समोर एक म्हातारी बाई इतकी आनंदून जाते आहे म्हटल्यावर कोणतं मूल म्हणेल, नाही, मला यातलं काही कळलं नाही? त्या मुलीने दर आठवड्याला एक जाड पुस्तक घरी वाहून नेलं आणि परत आणलं, ते केवळ आपल्याला बरं वाटावं म्हणून. या विचाराने ज्योत्स्नाताईंना स्वतःची फार लाज वाटली. एवढी लाज नोकरीतल्या कुठल्या चुकीचीही वाटली नव्हती.

त्यांनी माणिकरावांना फोन करून खुशीचं नाव काढायला सांगितलं. माणिकराव हबकले. "अहो पण वाचते की छान! अर्थ विचारायला पाहुणे थोडेच बसलेत? पाच मिनिटांचा तर प्रश्न."

खोटं कशाला बोलायचं, ज्योत्स्नाताईंना मोह झाला. टाळ्या पडल्या असत्या. मुलीचाही मान राहिला असता. नागपूरचे पाहुणे दोन शब्द चांगले बोलले असते आणि कुणाला काही कळलं नसतं.

"कुणाला नाही तरी तिला कळेल ना," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या शनिवारी खुशी आली नाही. रविवारी वर्धापन दिन पार पडला, खुशीच्या जागी कुणीतरी भावगीत म्हटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाताई ते पुस्तक पिशवीत घालून खुशीच्या घरी गेल्या. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. पोरगी पुस्तकांपासून कायमची तुटली असेल तर ती आपल्यामुळे तुटली, एवढं एकच डोक्यात घोळत होतं.

अंगणात गोदाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ज्योत्स्नाताईंनी नाव सांगितलं मात्र, म्हातारीने शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"तुमीच का त्या पुस्तकवाल्या बाई? बरं झालं आल्या. पुस्तक काहून ठेवून घेतलं तुमी?"

"मी... मी नाही ठेवून घेतलं."

"मंग? पोरगी मने, लायब्ररी बंद झाली. आता मले सांगा, म्हैस गावली का नाही गावली?"

ज्योत्स्नाताईंना काही उमगेना. "कुठली म्हैस?"

"अवं, तेच नाही का, धरनातली! पोरगी त्या नाल्याच्या काठाले गेलती, तिले खुरं दिसले, अन् तिथंच थांबलं सारं. किती दिस झाले, माया जीव तिथंच अटकून हाये. आमची बी एक म्हैस अशीच गेलती. खैरलांजीच्या बाजारात इकली, अन् चवथ्या दिवशी दाराशी येऊन उभी! मले त्या पोरीचं सारं समजते."

"तुम्ही... तुम्ही ऐकता हे?"

"हौ. रोज संध्याकाळी. हे वाचते, मी आयकते. मायं माहेर तुमसरकडचं, लहानपनी पोथी आयकली तेवढीच. तवापासून कोनी असं बसून वाचलंच नाही मायासाठी. त्या पक्ष्याची गोष्ट झाली, त्या चोराची झाली, समदी आयकली मी. हासून हासून पोट दुखलं त्या चोराच्या पायी."

ज्योत्स्नाताई ओट्यावर बसल्या. मंडळाचं कपाट गेले सहा महिने खरोखर कुणीतरी वाचत होतं, आणि त्या वाचकाला अक्षरओळख नव्हती.

"आणि खुशीला?" त्यांनी विचारलं. "तिला कळायचं का सगळं?"

"घ्या! येवढं खटाखट वाचते तं समजतच असंल. मले वाचता येत नाही, मी तिले काय सांगू?"

ज्योत्स्नाताईंना स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखं झालं. दोघी म्हाताऱ्या, एक शिकलेली आणि एक न शिकलेली, आणि दोघींनी मुलीच्या तोंडाकडे पाहून एकच समजूत करून घेतली होती. मधल्या मधे मुलगी एकटी पडली होती.

खुशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कधीची ते कुणास ठाऊक.

"खुशी," ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "त्या दिवशी मी चुकले. सगळ्यांसमोर तुला असं विचारायला नको होतं. एकटीला विचारायला हवं होतं, आणि फार आधी विचारायला हवं होतं."

"आंटी, गुस्सा हो?"

"आहे. पण तुझ्यावर नाही ग."

गोदाबाई एकीकडून दुसरीकडे पाहत होत्या. गोष्ट ध्यानात यायला त्यांना थोडा वेळ लागला. "अवं पोरी, तुले समजत नव्हतं? मंग इतकं काहून वाचून राह्यली होती तू? नरडं सुकवून?"

खुशीने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आप हँसती थीं ना, आजी. कहानी क्या है वो तो पता नहीं था. पर आप इतना हँसती थीं, तो मुझे अच्छा लगता था."

गोदाबाईंनी पदराने नाक पुसलं आणि पुन्हा एक शेंग हातात घेतली, पण ती सोलली नाही.

ज्योत्स्नाताईंनी पिशवीतून पुस्तक काढून ओट्यावर ठेवलं. वाच म्हणाल्या नाहीत. घे असंही म्हणाल्या नाहीत. खुशीने ते लगेच उचललं नाही, आधी आजीकडे पाहिलं. आजीचे डोळे पुस्तकावर खिळलेले. तेव्हा खुशी येऊन बसली, खुरं दिसली होती ते पान काढलं आणि वाचायला लागली. तोच स्वच्छ आवाज. 'म्हशीनं कान टवकारले, पण ती जागची हलली नाही.' आणि इथे ती थांबली. बोट ओळीवर ठेवून म्हणाली, "आजी, ये टवकारले क्या होता है?"

ज्योत्स्नाताईंच्या ओठांवर अर्थ आला होता. त्यांनी तो तिथेच आवरला.

गोदाबाईंनी दोन्ही तळहात कानांमागे उभे धरले, मान ताठ केली, डोळे मोठे केले आणि नाकाने जोरात श्वास सोडला. अंगणात साक्षात म्हैस उभी राहिली. खुशी खुदकन हसली. मग पुन्हा ओळ वाचली, मनातल्या मनात, ओठ हलवत, आणि पुन्हा हसली. या खेपेस ती आजीकडे बघत नव्हती, पुस्तकाकडे बघत होती.

"हं, मंग? पुढं?" गोदाबाई म्हणाल्या.

पण खुशी पुढे जाईना. तिने ते पान पाहिलं, त्याच्या आधीचं पाहिलं, आणि मग भराभर पानं उलटत पार पहिल्या पानाशी गेली.

"अवं तिथं नाही. ते झालं आपलं. पुढं हाये ते."

"आजी, पहिल्यापासून," खुशी म्हणाली. "मी तर वाचलीच नाही ना ही."

गोदाबाईंनी ज्योत्स्नाताईंकडे पाहिलं. म्हैस सापडली, पण घरी परतली का, तो शेवट या बाईला ठाऊक आहे, एका शब्दात सांगून टाकेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. मग त्यांनी मान वळवून नातीकडे पाहिलं. ती पहिल्या ओळीवर बोट ठेवून परवानगीची वाट बघत होती.

"मी म्हातारी बाई, पोरी. मले घाई हाये," त्या म्हणाल्या. दुखरा गुडघा हाताने उचलून सरळ केला आणि नातीला बसायला जवळ जागा केली. "बरं, वाच. पहिल्यापासून वाच. पन आता जिथं समजन नाही, तिथं थांब. मी हाये."